स्तनपान आणि एडीएचडी : माहितीपत्रकात नेमकं काय लिहावं?

निंबोणी (स्तनपान समुपदेशक)

नवमातांसाठीचं माहितीपत्रक नव्याने लिहितेय. जुन्या आवृत्तीत फायद्यांच्या यादीत एक ओळ आहे : 'अंगावरचं दूध मिळालेल्या बाळांना पुढे एडीएचडी होत नाही.' (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा ही स्थिती.) 'होत नाही' तर काढणारच. पण त्या जागी 'धोका कमी होतो' लिहावं की ओळच उडवावी, यावर आमच्यात दोन तट पडलेत. तीन गोष्टी हव्यात :

१. पुरावा किती पक्का आहे? नुसतं 'अभ्यासांत आढळलंय' नको, अभ्यास कसला होता तेही सांगा.

२. आईला स्वतःला एडीएचडी असेल आणि औषध चालू असेल, तर पाजायचं की थांबवायचं?

३. चार-पाच महिन्यांचं बाळ पिता पिता सारखं तोंड सोडून मान वळवतं. 'हे आत्तापासूनच चंचल आहे का हो?' हा प्रश्न हमखास येतो. त्याला दोन ओळींत काय उत्तर द्यावं?

दुर्बीण (वैद्यकीय आकडेवारी)

ओळ उडवा. 'धोका कमी होतो' हे वाक्य दिसायला सौम्य आहे, पण जिच्या सात वर्षांच्या मुलाचं नुकतंच निदान झालंय, ती आई ते 'मी पाजलं असतं तर हे झालं नसतं' असंच वाचणार. तेवढं म्हणावं असा पुरावा नाही.

आधी निरीक्षणाचे अभ्यास. यांत संबंध दिसतो, आणि चांगला ठळक दिसतो. २०१३ सालचा इस्रायलमधला अभ्यास बहुतेक माहितीपत्रकांच्या मुळाशी असतो. त्यात ६ ते १२ वयाच्या मुलांचे तीन गट होते : एडीएचडीचं निदान झालेली मुलं, त्यांची निदान नसलेली भावंडं, आणि निदान नसलेली बाहेरची मुलं. तीन महिन्यांच्या वयात अंगावर पिणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ४३, ६९ आणि ७३ टक्के. हे वाचलं की 'झालं, सिद्ध झालं' असं वाटतं. पण मधला आकडा परत बघा. त्याच घरातल्या भावंडांना जास्त काळ पाजलं गेलं. म्हणजे आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, पाजण्याची हौस यांच्यावर हा फरक ढकलता येत नाही. मग दोन शक्यता उरतात. एक, दुधाचाच परिणाम. दुसरी, गाडी उलट्या दिशेने धावतेय : ज्या बाळाला शांत होणं, चोखण्याची लय धरणं, झोपेची घडी बसणं पहिल्यापासूनच जड जातं, त्याचं अंगावरचं लवकर सुटतं, आणि तोच स्वभाव पुढे शाळेत एडीएचडी म्हणून दिसतो. यातलं खरं कोणतं, हे त्या अभ्यासाच्या रचनेतून कळत नाही. गट लहान होते आणि पाजण्याची माहिती काही वर्षांनी पालकांच्या आठवणीतून घेतलेली, ही आणखी भर.

आता चाचणीचा पुरावा. 'तू पी, तू पिऊ नकोस' अशी बाळांची वाटणी करता येत नाही, म्हणून बेलारूसमध्ये १९९६-९७ साली प्रसूतिगृहांचीच यादृच्छिक वाटणी केली. प्रोबिट नावाने ती चाचणी ओळखली जाते. ३१ प्रसूतिगृहं, १७ हजारांवर आई-बाळाच्या जोड्या. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्या ठिकाणी नेहमीची पद्धत चालू ठेवली. तीन महिन्यांना निव्वळ स्तनपानाचं प्रमाण एका गटात ४३ टक्के, दुसऱ्यात ६ टक्के. फरक घसघशीत पडला. ही मुलं साडेसहा वर्षांची झाल्यावर सुमारे १३,९०० जणांना पुन्हा तपासलं. भाषिक बुद्ध्यांक प्रशिक्षणवाल्या गटात सरासरी साडेसात गुणांनी जास्त निघाला. वर्तनाची प्रश्नावली पालकांनीही भरली आणि शिक्षकांनीही. तिच्यात अतिचंचलता आणि अवधानाचा वेगळा भाग असतो. त्यात दोन्ही गट सारखेच.

प्रोबिटची मर्यादाही सांगतो, नाहीतर कुणीतरी विचारेलच. त्यातल्या सगळ्याच आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती. तुलना 'जास्त काळ, निव्वळ' विरुद्ध 'कमी काळ, मिसळून' अशी होती. अजिबात न पाजलेल्या बाळांबद्दल ती बोलत नाही. आणि ती प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, चाळणी आहे.

अमेरिकेतला २०१४ सालचा एक भावंडांचा अभ्यास याच दिशेने जातो. वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची तुलना केली की स्तनपानाचे फायदे भरपूर दिसतात. एकाच घरातलं पाजलेलं आणि बाटलीवर वाढलेलं भावंड शेजारी ठेवलं की अतिचंचलतेसह बहुतेक बाबतींतला फरक जवळजवळ नाहीसा होतो.

शेवटी आनुवंशिकता. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीतल्या फरकांचा सुमारे ७० ते ८० टक्के वाटा जनुकांकडे जातो. त्याचा पाजण्याशी संबंध असा : एडीएचडी असलेल्या आईला वेळा सांभाळणं, एका जागी बसणं, रात्रीची जागरणं झेलणं जास्त कठीण जातं, त्यामुळे तिचं पाजणं लवकर सुटण्याची शक्यता जास्त. मुलाला जनुकंही तिच्याकडूनच येतात. मग आकडेवारीत 'कमी पाजलं' आणि 'मुलाला एडीएचडी' हे हातात हात घालून येणारच, दुधाने काहीही केलेलं नसलं तरी. आईवडिलांच्या लक्षणांची नोंद न घेता केलेला कुठलाही अभ्यास या एका प्रश्नावर कोसळतो. अकाली प्रसूती आणि कमी जन्मवजन हा असाच दुसरा पेच : त्या मुलांत एडीएचडीचं प्रमाण जवळपास दोन ते तीन पट, आणि पाजणंही तिथेच सर्वात अवघड.

झुळूक (स्तनपान समुपदेशक)

निंबोणीताई, दुसऱ्या तटातली मी. दुर्बीण यांचं म्हणणं कळतंय, पण एक शंका. 'सिद्ध नाही' म्हणजे 'परिणाम नाही' असं तर नाही ना? मग आशेची एक ओळ ठेवली तर बिघडलं कुठे?

दुर्बीण

'परिणाम नाही' असं मी म्हणत नाही. लहानसा परिणाम असूही शकतो. पण माहितीपत्रकातली यादी म्हणजे हमी असते, वाचणारी तिथे शंका घेत नाही. आणि तुमच्या यादीला या ओळीचा टेकू लागतोच कशाला? जुलाब, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि कानाचे संसर्ग कमी होतात, आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. हे भक्कम आहे. भक्कम मुद्द्यांच्या रांगेत एक डळमळीत मुद्दा उभा केला की तो खोटा ठरेल त्या दिवशी बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

सांजवात (बालविकास चिकित्सक)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि पत्रकात खरं तर असायला हवी अशी एक गोष्ट सांगते.

चार ते सहा महिन्यांत बाळाची दूरची नजर आणि मान दोन्ही तयार होतात. दार वाजलं की स्तनाग्र तोंडात धरूनच मान वळवतं, आवाज थांबला की परत लागतं, मग दिव्याकडे बघून हसतं. आईला वेदना होतात आणि पोट भरलं नाही असं वाटतं. ही वाढीची खूण आहे. या वयात एडीएचडी ओळखण्याची कोणतीही चाचणी नाही. उपाय साधे : दिवसातली दोन-तीन पाजणी अर्धवट अंधाऱ्या, शांत खोलीत करा, झोपेतून नुकतं उठताना किंवा झोपेच्या तोंडावर पाजा, बाळाच्या हातात धरायला काहीतरी द्या. मान वळवली की ओढून धरू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. २४ तासांत पाच-सहा चांगले ओले लंगोट आणि वजनाची रेषा आपल्या वळणावर असली की दूध पुरतंय. रेषा दोन मापांत सपाट झाली, किंवा ओले लंगोट घटले, तर मात्र 'चंचल आहे' म्हणून सोडून देऊ नका, तपासा.

आता लोह. अवधानाच्या संदर्भात पाजणाऱ्या आईला खरोखर हातात घेता येईल असा मुद्दा हाच, आणि तो पत्रकांत क्वचित दिसतो. अंगावरच्या दुधात लोह लिटरमागे जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम असतं. ते चांगलं शोषलं जातं, पण मुळात थोडं. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतः आणलेल्या साठ्यावर साधारण चार ते सहा महिने काढतं. सात ते बारा महिन्यांत त्याची रोजची गरज आहारातून सुमारे ११ मिलिग्रॅम. सहा महिन्यांनंतरही मुख्यतः अंगावरच ठेवलं आणि वरच्या आहारात लोह नसलं, तर साठा संपतो. बाळपणातल्या लोहाच्या कमतरतेनंतर शालेय वयात शिकणं आणि अवधान मागे पडल्याचं दीर्घकालीन पाठपुराव्यांत दिसलंय, आणि नंतर लोह भरून काढलं तरी ते पूर्ण सुधारतंच असं नाही. म्हणून आधीच अडवणं बरं.

अमेरिकेच्या बालरोग अकादमीची शिफारस : निव्वळ अंगावर पिणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला चार महिन्यांपासून, लोहयुक्त वरचा आहार नीट सुरू होईपर्यंत, रोज वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह (म्हणजे क्षाराचं वजन सोडून निव्वळ लोह). अकाली जन्मलेल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या महिन्यापासून किलोमागे २ मिलिग्रॅम. सगळ्या देशांत हीच पद्धत नाही, तेव्हा पत्रकात डोस छापू नका. 'चार महिन्यांच्या भेटीत लोहाबद्दल विचारा' एवढं छापा. जन्मल्यावर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर साठा वाढीव मिळतो, हे प्रसूतीआधीच्या पानावर टाका.

रक्त तपासायचं तर नुसतं हिमोग्लोबिन पाहू नका, फेरिटिनही (लोहाच्या साठ्याचं माप) पाहा. हिमोग्लोबिन शेवटी पडतं. पाच वर्षांखाली फेरिटिन लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे साठा रिकामा. मात्र ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर चढतं; तेव्हा ३० च्या खालचाही आकडा संशयास्पद धरायचा.

खलबत्ता (औषधनिर्माण)

लोहाच्या बाटलीवर सर्वात मोठी चूक होते ती इथे, म्हणून मध्येच बोलतो. लेबलवर क्षाराचं वजन आणि मूलद्रव्य लोहाचं वजन हे दोन वेगळे आकडे असतात. फेरस सल्फेटच्या स्फटिकांत मूलद्रव्य लोह साधारण २० टक्के, फ्युमरेटमध्ये ३३, ग्लुकोनेटमध्ये १२. सहा किलोच्या बाळाला ६ मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह द्यायचं असताना सल्फेटचे ६ मिलिग्रॅम मोजले तर बाळाला पाचवा हिस्साच पोचतो. उलटी चूक झाली तर पाचपट. 'एलिमेंटल आयर्न, दर मिलिलिटरला अमुक मिलिग्रॅम' ही ओळ शोधा, आणि बाटलीसोबत आलेल्या पिचकारीनेच मोजा. दुसऱ्या कंपनीचं ड्रॉपर वापरू नका, खुणा जुळत नाहीत. शौच काळपट होतं, ते चालतं. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नका, लोहाची विषबाधा जीवघेणी असते.

आता दुसरा प्रश्न. औषध दुधातून किती जातं हे सापेक्ष शिशुमात्रेने मोजतात : बाळाला दुधातून दिवसाला, वजनाच्या किलोमागे मिळणारी मात्रा, भागिले आईची किलोमागची मात्रा. १० टक्क्यांखाली असेल तर सर्वसाधारणपणे स्वीकारार्ह मानतात. समजा दुधात औषध लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. बाळ किलोमागे दिवसाला १५० मिलिलिटर पितं असं धरतात, म्हणजे बाळाला किलोमागे २.२५ मायक्रोग्रॅम. आई ६० किलोची आणि डोस ३६ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ६०० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की ०.४ टक्क्याच्याही खाली. हे नुसतं उदाहरण, पण मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाचे प्रत्यक्ष मोजलेले आकडेही याच पट्ट्यातले आहेत, १ टक्क्याच्या आत. म्हणून पाजताना उत्तेजक द्यायचंच असेल तर बहुधा हेच आधी निवडतात.

डेक्सॲम्फेटामिन हे दुसरं उत्तेजक दुधात जास्त उतरतं : सरासरी ५ ते ६ टक्के, काही आयांत १० च्या आसपास, आणि काही बाळांच्या रक्तातही सापडलंय. लिसडेक्सॲम्फेटामिन शरीरात गेल्यावर तेच बनतं, त्यामुळे हिशोब तोच. 'बंद करा' असा याचा अर्थ नाही. नजर जास्त बारीक ठेवायची. ॲटोमोक्सेटिन या उत्तेजक नसलेल्या औषधाची स्तनपानातली माहिती तुटपुंजी आहे, नवजात बाळ असेल तर दुसरा पर्याय पाहतात.

एक गोष्ट आयांना कुणी सांगत नाही : उत्तेजकांनी डोपामिन वाढतं, आणि डोपामिन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाला, दाबतं. दूध नीट बसलेलं असेल तर सहसा अडत नाही. पहिल्या दोन-चार आठवड्यांत, दूध जमून येत असताना औषध पुन्हा चालू केलं तर दूध कमी पडू शकतं. तेव्हा चालू करण्याच्या दिवसापासून दोन आठवडे बाळाचं वजन आठवड्याला घ्या.

निंबोणी

हे फार उपयोगी आहे सगळ्यांचं. ओळ काढली. त्या जागी प्रश्नोत्तराच्या पानावर हे टाकतेय, बघा : 'एडीएचडी असलेल्या मुलांना बाळपणी कमी काळ स्तनपान मिळाल्याचं काही अभ्यासांत दिसतं. त्यामुळेच एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा सर्वात मोठा असतो. बाटलीवर वाढवल्यामुळे तुमच्या मुलाला एडीएचडी झाला, असं कुणालाही म्हणता येणार नाही.'

आणि आधीच शाळेत जाणारं मूल असलेल्या आयांसाठी, 'निदान कसं होतं' याच्या दोन ओळी मिळतील का?

दुर्बीण

मसुदा ठीक. फक्त 'काही अभ्यासांत' नंतर 'निरीक्षणाच्या' घाला, आणि लगेच पुढे 'बेलारूसमधल्या मोठ्या चाचणीत वर्तनात फरक आढळला नाही' ही ओळ जोडा. नाहीतर वाचणारी पहिलंच वाक्य लक्षात ठेवते.

सांजवात

निदानाबद्दल : लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली, आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसणारी हवीत. घरी आणि शाळेत दोन्हीकडे. अवधानाची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ अशी यादी असते. कुठल्याही एका यादीतली किमान ६ भरावी लागतात, १७ वर्षांपासून पुढे ५. व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पालकांचे ५५ आणि शिक्षकांचे ४३ प्रश्न असतात. त्यातले पहिले १८ म्हणजे या दोन याद्या. 'बरेचदा' किंवा 'अगदी नेहमी' या उत्तरांचीच गणती होते. नुसती लक्षणं भरली तरी पुरत नाही, अभ्यासात किंवा नात्यांत अडचण दाखवणारा किमान एक प्रश्न तरी खालच्या टोकाला हवा.

फक्त पालकांचा कागद भरून झालेलं निदान मी मानत नाही. शिक्षकांचा कागद यायलाच हवा. आणि त्याआधी कान, डोळे, झोप : रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. दहा-पंधरा सेकंद टक लावून गप्प होणं, मध्ये हाक मारली तरी न ऐकणं, आणि पुढच्या क्षणी पूर्ववत, असं असेल तर ॲबसेन्स प्रकारच्या फिट्स आधी तपासा. वर्गातलं वयाने सर्वात लहान मूल असेल तर त्याची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी करा. वर्गातल्या धाकट्यांत निदान जास्त होतं हे अनेक देशांत दिसलंय. सहा वर्षांखाली पहिला उपचार गोळी नव्हे, पालकांचं वर्तन-प्रशिक्षण.

झुळूक

बरं, पटलं. आमच्या बाजूने एक भर : आईला एडीएचडी असेल तर 'मागणीनुसार पाजा' एवढ्यावर सोडू नका. पहिल्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ पाजणी लागतात, आणि बाळ झोपाळू असेल तर मागणी येतच नाही. तिला तीन तासांचा कंप पावणारा गजर लावून द्या, तोही पाजणं सुरू झाल्यापासून मोजलेला. कोणती बाजू झाली हे लक्षात ठेवायला मनगटातला रबर या हातातून त्या हातात. नोंदवही असेल तर दोनच रकाने : वेळ आणि ओला लंगोट. तिसरा रकाना घातला की वही चौथ्या दिवशी बंद पडते.

पंप वापरत असेल तर 'दूध आटलं' या तक्रारीत आधी व्हॉल्व बघा. चोचीसारख्या व्हॉल्वची फट हलकेच दाबून सोडा. ती मिटत नसेल, कड फाटली असेल, तर ओढ कमी होते आणि दूध निघत नाही. रोज अनेकदा पंप होत असेल तर एक-दोन महिन्यांत तो बदलावाच लागतो. उकळताना ब्रशने घासला की आणखी लवकर जातो. फनेलचं माप स्तनाग्राच्या व्यासाइतकं किंवा २-३ मिलिमीटर जास्त, ते पंप करण्याआधी मोजायचं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. बाटलीवर तारीख काढतानाच घालायची, नंतर लिहीन म्हणून ठेवली की राहतेच.

खलबत्ता

औषधाच्या वेळेचं राहिलं होतं. लवकर विरघळणाऱ्या मेथिलफेनिडेटची रक्तातली पातळी गोळीनंतर साधारण दोन तासांनी टोकाला जाते आणि मग दर दोन-तीन तासांनी निम्मी होते. गोळी पाजून झाल्याझाल्या घेतली तर पुढचं पाजणं येईतो टोक ओसरायला लागलेलं असतं. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीला हे गणित लागू पडत नाही, तिची पातळी दिवसभर पसरते. दूध काढून फेकून देण्याने काही साधत नाही. रक्तातलं औषध उतरलं की दुधातलंही उतरतं.

बाळात काय बघायचं ते आईला लिहून द्या : नेहमीपेक्षा कमी झोप, सतत किरकिर, पिण्यात रस कमी, वजनाची रेषा सपाट. यातलं काही औषध चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. आईने आपल्या मनाने गोळी अर्धी करायची नाही. दीर्घकाळ चालणारी गोळी मोडली तर दिवसभराचं औषध एकदम सुटू शकतं.